कळमन्याची पट्टी, नवं मशीन: प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

नागपूरच्या कळमना बाजारात मामांचा गाळा आहे. तिथलं जुनं मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, गुरुवारी बंद पडलं ते उठलंच नाही. झाकण काढून पाहिलं तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले. पेन्टियम ४ आहे, २००३ पासून कळमन्याच्या धुळीत आणि मे महिन्याच्या उन्हात चाललं. हार्ड डिस्क मात्र शाबूत आहे. बर्डीवरून (सीताबर्डी) जुनी आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारी केबल आणली, डिस्क लावली, आणि काहीही करण्याआधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली. दोन ठिकाणी ठेवली.

त्या डिस्कवर रेड हॅट लिनक्स ९ ही सिस्टिम आहे आणि धाकट्या मामांनी लिहिलेला पट्टीचा, म्हणजे शेतकऱ्याला द्यायच्या हिशेबाच्या कागदाचा, प्रोग्रॅम. शेतकऱ्याचा माल उतरला की गाव, नाव, वजन, लिलावात निघालेला भाव टाकायचा. हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी छापून निघते. २३ वर्षांचा हिशेब त्यात आहे. धाकटे मामा आता नाहीत. प्रोग्रॅम आहे.

मोठ्या मामांना एका दुकानदारानं सांगितलं की जुनं फेकून द्या, नवीन सॉफ्टवेअर घ्या, जुना डेटा येणार नाही. मला ते मान्य नाही. काटोलचा शेतकरी येऊन २०११ च्या संत्र्याच्या आंबिया बहाराची पट्टी मागतो, तेव्हा ती दाखवता आली पाहिजे.

आंबियाची आवक सुरू झाली आहे. मुनीमजी तोवर कार्बन लावून हातानं पट्ट्या लिहून राहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

नव्या मशीनवर डेबियन १३ हे लिनक्स टाकलं. ऑगस्टमध्येच आलेली आवृत्ती, डेस्कटॉप एक्सएफसीई. सिस्टिम एसएसडीवर; तिथली फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, ईएक्सटी४. शिवाय ४ टीबीची मोठी डिस्क एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमची करून लावली, कारण गाळ्यातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंगही इथेच ठेवायचं आहे. पट्टीचा प्रोग्रॅम आणि सगळा डेटा त्या मोठ्या डिस्कवर टाकला.

प्रोग्रॅम चालवला. उत्तर आलं: 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'.

फाइल तर डोळ्यांसमोर आहे. यादीत दिसते, चालवण्याची परवानगी आहे. तरी 'अशी फाइल नाही'.

हा संदेश भल्याभल्यांना चकवतो, म्हणून नीट लिहून ठेवते. 'फाइल' ही आज्ञा देऊन पाहिलं की कळतं: ईएलएफ (लिनक्सच्या प्रोग्रॅमचा साचा), ३२ बिट, इंटेल, आणि इंटरप्रिटर म्हणून एलडी-लिनक्स डॉट एसओ डॉट २. प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल (सिस्टिमचा गाभा) आधी हा इंटरप्रिटर, म्हणजे लोडर, शोधतो; तोच पुढे बाकीच्या लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे तयार भाग, जोडून देतो. ६४ बिटांच्या नव्या सिस्टिमवर ३२ बिटांचा लोडर आपोआप येत नाही. 'नाही' म्हटलं ते लोडरबद्दल. नाव न सांगता म्हटलं, म्हणून आपण प्रोग्रॅमकडेच बघत बसतो.

१० नोव्हेंबर, सोमवार (रात्री)

डेबियनमध्ये २०१३ च्या ७ व्या आवृत्तीपासून मल्टिआर्च आहे. एकाच सिस्टिमवर दोन आर्किटेक्चरच्या (प्रोसेसरच्या रचनांच्या) लायब्ररी शेजारी शेजारी राहतात, प्रत्येकीचं फोल्डर वेगळं. पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीला सांगितलं की आय३८६, म्हणजे ३२ बिटांचं इंटेल, हेही आर्किटेक्चर धर, याद्या ताज्या केल्या, आणि आय३८६ चं लिबसी६, म्हणजे सी भाषेच्या मूळ लायब्ररीचं, पॅकेज घेतलं. त्यासोबत लोडर आला.

डेबियन १३ मध्ये आय३८६ ची अवस्था बदलली आहे. या आवृत्तीत ३२ बिटांचा कर्नल नाही, इन्स्टॉलरही नाही; जुन्या ३२ बिटांच्या मशीनवर हे बसणार नाही. आय३८६ उरलं आहे ते फक्त ६४ बिटांच्या सिस्टिमवर जुने प्रोग्रॅम चालावेत एवढ्यासाठी. आम्हाला नेमकं तेवढंच हवं आहे.

प्रोसेसरची काही तक्रार नाही. एएमडीनं २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला तेव्हा ६४ बिटांची रचना करतानाच ३२ बिटांचा कोड तसाच पळेल अशी सोय ठेवली, आणि पुढे इंटेलनंही तीच रचना घेतली. मामांनी प्रोग्रॅम लिहिला ते वर्षही २००३ च. म्हणजे या प्रोग्रॅमला चालवण्याची सोय त्याच्या जन्मापासून बाजारात होती. मला याचं फार बरं वाटलं.

पुन्हा चालवला. आता संदेश वेगळा: लिबएनकर्सेस डॉट एसओ डॉट ५ सापडत नाही. संदेश बदलला की समजायचं, एक पायरी चढलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एनकर्सेस म्हणजे टर्मिनलवर (नुसत्या अक्षरांच्या खिडकीत) चौकटी, रकाने, रंग काढणारी लायब्ररी. डेबियन १३ मध्ये फक्त ६ वी आहे, ५ वी काढून टाकली.

सोपा वाटणारा उपाय म्हणजे ६ ला ५ चं नाव देऊन जोडदुवा करणे. मी केला नाही. नावातला आकडा उगाच बदलत नाहीत. आतली मांडणी बदलली की बदलतात. खेळ असता तर करून पाहिलं असतं, पण हे लोकांच्या पैशाचं काम आहे. स्क्रीनवर एक आकडा इकडचा तिकडे दिसला तर कोणाला कळणार?

मग जुन्या डिस्कवरचीच लायब्ररी आणून पाहिली. ती जोडली गेली, पण तिला आजच्या टर्मिनलचं वर्णन वाचता येईना. एक्सटर्म-२५६कलर हे नाव ऐकून तिथेच थांबली. शेवटी डेबियन १२ च्या भांडारातून आय३८६ ची लिबएनकर्सेस५ आणि लिबटीइन्फो५ ही दोन पॅकेजं उतरवली. ती सिस्टिममध्ये बसवली नाहीत. नुसती उलगडून प्रोग्रॅमच्याच फोल्डरात 'लिब' नावानं ठेवली आणि चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली, जी आधी तो रस्ता सांगते आणि मग प्रोग्रॅम सुरू करते. सिस्टिमच्या अपडेटचा या फोल्डराशी काही संबंध नाही.

रात्री ९:४० ला निळी चौकट उघडली. वर मामांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं 'राम राम'. मी लगेच मोठ्या मामांना फोन केला. ते म्हणाले, "काहून वं, चालून राह्यलं का?" मी हो म्हटलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मशीन गाळ्यावर नेलं. मुनीमजी बसले, वर्ष निवडलं, आणि म्हणाले, "ताई, २००४ दिसून नाही राह्यलं."

२००३ उघडतं. २००४ निवडलं की प्रोग्रॅम म्हणतो 'हंगाम नाही'. २००५ नाही. २००६ आहे, २००७ आहे. २००८, २००९ नाहीत. २०१०, २०११ आहेत. दोन आहेत, दोन नाहीत, असं शेवटपर्यंत. २३ पैकी ११ उघडतात, १२ नाहीत. आणि त्या १२ मध्ये २०२५, म्हणजे चालू हंगाम.

आधी वाटलं कॉपी करताना फाइली बिघडल्या. प्रतीशी ताळा केला: एकूण एक बाइट जुळतो. परवानग्या सारख्या. मोठे मामा शेजारी उभे, लिलावाची घंटा झालेली, गिऱ्हाईक खोळंबलेलं. मशीन परत घरी आणलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस यातच गेला, पण वाया गेला नाही.

एसट्रेस या साधनानं पाहिलं की प्रोग्रॅम कर्नलला काय विचारतो. २००४ ची फाइल उघडण्याआधी तो 'स्टॅट' करतो, म्हणजे फाइल आहे का, केवढी आहे, ते विचारतो. कर्नलचं उत्तर: शून्य. म्हणजे सगळं ठीक, ही घ्या माहिती. आणि लगेच पुढच्या ओळीत प्रोग्रॅम 'हंगाम नाही' छापतो. कर्नल आहे म्हणतो, प्रोग्रॅम नाही म्हणतो. मग खोट मधेच कुठेतरी, आणि मधे आहे फक्त सी लायब्ररी.

दहा ओळींचा सी प्रोग्रॅम लिहिला, जो फक्त स्टॅट करतो आणि चूक झाली तर कारण छापतो. जीसीसी या कंपायलरचं मल्टिलिब पॅकेज टाकून तो ३२ बिटांचा बनवला. २००३ वर: ठीक. २००४ वर: 'व्हॅल्यू टू लार्ज फॉर डिफाइन्ड डेटा टाइप'. म्हणजे आकडा रकान्यात मावत नाही.

कुठला आकडा? फाइल तर दोनशे केबीचीही नाही. मग यादी दाखवणाऱ्या 'एलएस'ला आयनोडचे, म्हणजे डिस्कवर प्रत्येक फाइलीला मिळणाऱ्या क्रमांकाचे, आकडे दाखवायला सांगितले, आणि सगळा उलगडा झाला. जी वर्षं उघडतात त्यांचे आयनोड क्रमांक ४,२९,४९,६७,२९५ च्या आतले. जी उघडत नाहीत त्यांचे त्याच्या वरचे. ३२ बिटांत मावणारा सगळ्यात मोठा आकडा तोच.

एक्सएफएस डिस्कचे मोठे वाटे पाडतं. या डिस्कचे ४ आहेत, प्रत्येकी सुमारे १ टीबीचा. आयनोडचा क्रमांक फाइल कोणत्या वाट्यात आहे त्यावरून ठरतो, म्हणून मागच्या वाट्यांतले क्रमांक मोठे. नवीन फोल्डर बनलं की एक्सएफएस ते पुढच्या वाट्यात टाकतं, पाळीपाळीनं, आणि फोल्डरातल्या फाइली शक्यतो त्याच वाट्यात राहतात. वर्षांची फोल्डरं क्रमानं कॉपी झाली, तशी ती चार वाट्यांत ओळीनं वाटली गेली: पहिल्या दोन वाट्यांतली चालतात, मागच्या दोन वाट्यांतली नाहीत. दोन आहेत, दोन नाहीत, ते असं.

कर्नल पूर्ण क्रमांक देतो. सी लायब्ररी तो मामांच्या प्रोग्रॅमला २००३ च्या साच्यात भरून द्यायला जाते, आयनोडचा रकाना ३२ बिटांचा आहे, आकडा मावत नाही. तो कापून चुकीचा क्रमांक देण्यापेक्षा ती चूक कळवते, आणि हे बरोबरच करते. प्रोग्रॅमनं कारण न विचारता फाइल नाही असं धरलं. मामांना तरी कसं सुचावं. त्यांची डिस्क ४० जीबीची होती.

उपाय पाच मिनिटांचा. ईएक्सटी४ चे आयनोड क्रमांक ३२ बिटांचेच असतात. सगळा डेटा उचलून एसएसडीवर नेला, मोठी डिस्क कॅमेऱ्यांना सोडली. २३ च्या २३ वर्षं उघडली.

जुना ३२ बिटांचा प्रोग्रॅम मोठ्या डिस्कवर 'फाइल नाही' म्हणू लागला आणि फाइल असली, तर आधी आयनोडचा आकडा बघा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

छोट्या गोष्टी. टर्मिनलची खिडकी ८० रकाने आणि २४ ओळींची उघडते. मामांनी २५ ओळी धरलेल्या, म्हणून खालची कळांची ओळ दिसत नव्हती. २५ केल्या. एफ१० दाबलं की पट्टी साठते, पण इथे टर्मिनलचा मेनू उघडायचा. सेटिंगमध्ये ती कळ बंद केली, एफ१ ची मदतही बंद केली. डेस्कटॉपवर एक आयकॉन ठेवला, नाव 'पट्टी'.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रिंटर. गाळ्यावर डॉट मॅट्रिक्स आहे आणि तोच राहील, कारण पट्टी तीन प्रतींत लागते आणि त्याला कार्बनवर ठोसा मारणारा प्रिंटरच हवा. प्रोग्रॅम सरळ पॅरलल पोर्टच्या एलपी० या फाइलीत बाइट ओततो. नव्या मशीनला पॅरलल पोर्ट नाही. यूएसबी ते पॅरलल केबल लावली, ती यूएसबी फोल्डरातल्या एलपी० नावानं दिसते. जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेवचा एक नियम लिहून तिला जुन्या नावाचा दुवा दिला. मुनीमजींच्या खात्याला एलपी गटात घातलं. त्यानंतर एकदा लॉगआउट करावं लागतं, नाहीतर गट लागू होत नाही. आणि कप्समधून (लिनक्सची छपाईची व्यवस्था) हा प्रिंटर काढून टाकला, नाहीतर कप्स तो स्वतःकडे ओढून घेतं आणि दुवा हवेत राहतो.

प्रिंटर लायब्ररीचं वय विचारत नाही. बाइट आले, टकटक सुरू झाली. तो आवाज ऐकून शेजारच्या गाळ्यावरचे काकाजी डोकावून गेले.

३० नोव्हेंबर, रविवार

मावसभावानं विचारलं, "सोर्स आहे ना, मग ६४ बिटांत बनवून का नाही टाकत?" सोर्स म्हणजे मामांनी लिहिलेला मूळ कोड. प्रश्न रास्त आहे. जुन्या डिस्कवर सोर्स आहे, पण तो चालू प्रोग्रॅमपेक्षा जुना. २०१६ मध्ये अडत (अडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं, तो बदल त्यात नाही. तरी करून पाहिलं.

बनला. सुरूही झाला. पण नरखेडच्या जागी नुसतं 'हेड'.

याचं कारण पट्टीच्या नोंदीच्या मापात आहे. मामांनी प्रत्येक पट्टी सीच्या स्ट्रक्चरमधून थेट फाइलीत लिहिली आहे: पट्टी क्रमांक 'लाँग', गाव २० बाइट, नाव ३० बाइट, वजन आणि भाव 'डबल', तारीख 'लाँग'. ३२ बिटांत लाँग ४ बाइटचा. बेरीज ५४, दोन बाइट भर घालून ५६, दोन डबलचे १६, तारखेचे ४, एकूण ७६. ६४ बिटांत लिनक्सवर लाँग ८ बाइटचा होतो आणि डबल ८ च्या पटीवरच बसतो: ५८ चे ६४ होतात, मग ८०, मग ८८. २०११ ची फाइल १,७७,९१६ बाइटची आहे. तिला ७६ नं भागलं तर बरोबर २,३४१ पट्ट्या येतात. ८८ नं भाग जात नाही.

६४ बिटांचा प्रोग्रॅम क्रमांक म्हणून ८ बाइट उचलतो: ४ क्रमांकाचे आणि ४ गावाच्या नावातले. इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या नरखेडची पहिली चार अक्षरं क्रमांकात गेली, मागे 'हेड' उरलं. पुढच्या नोंदी तर आणखीच सरकतात. दिसलं म्हणून बरं. असा प्रोग्रॅम त्या फाइलीत एक पट्टी लिहिता तर पूर्ण वर्ष खराब झालं असतं. (मी प्रतीवरच चालवला होता.)

दुसरी गोष्ट पैशांची. जुना प्रोग्रॅम अपूर्णांकांचं गणित प्रोसेसरच्या जुन्या एक्स८७ भागात करतो, ८० बिटांच्या रजिस्टरमध्ये. ६४ बिटांचा नवा कोड ते एसएसईवर ६४ बिटांत करतो. शेवटच्या पैशाला फरक पडू शकतो. जुनीच बायनरी, म्हणजे तयार प्रोग्रॅम, चालवली तर तेच गणित, तोच पैसा.

म्हणून ठरलं: प्रोग्रॅम जसा आहे तसाच चालणार.

७ डिसेंबर, रविवार

तरीही डेटा एकाच प्रोग्रॅमच्या मुठीत राहू नये. पायथन भाषेत फाइली वाचणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला: ७६ बाइटचा साचा स्पष्ट सांगितला की पायथनला मशीन किती बिटांचं याच्याशी घेणं नाही. तो प्रत्येक वर्षाची साधी सीएसव्ही, म्हणजे कुठेही उघडणारी तक्त्याची फाइल, बनवतो. इंग्रजी अक्षरांतली गावं देवनागरीत आणायला एक तक्ता केला. काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, वरूड सोपी होती. मुनीमजींनी 'कटोल', 'काटोळ' अशी तीन-चार रूपं टाकलेली, ती त्यांच्याच शेजारी बसून एकत्र केली. ते स्क्रीनकडे बघत एकेका गावाचे जुने शेतकरी आठवत होते. काम संथ झालं, पण दुसऱ्या कुणाला हे जमलं नसतं.

तपासणी: कपाटातल्या फाइलींतून १२ कागदी पट्ट्या काढल्या, वेगवेगळ्या वर्षांच्या. कागद, जुना प्रोग्रॅम आणि पायथन, तिन्ही पैशासकट जुळले.

१० डिसेंबर, बुधवार

दुसरी यूएसबी-पॅरलल केबल जादा घ्यायला बर्डीवर जायचं होतं. विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्तात गाडी घालण्यापेक्षा प्रजापती नगरवरून मेट्रोनं गेले. डिस्कच्या जुन्या प्रतीवरून क्यूईमूमध्ये (मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणारा प्रोग्रॅम) अख्खं रेड हॅट ९ उभं करून ठेवलं. रोज वापरायला नाही. पुढे कधी डेबियननं आय३८६ च्या लायब्ररी देणं थांबवलं तर हाताशी असावं म्हणून. आधी तेच का नाही केलं, तर मुनीमजींना एक आयकॉन हवा होता, मशीनच्या आत दुसरं मशीन नको होतं.

१३ डिसेंबर, शनिवार

आज पहाटेपासून गाळ्यावर. महिनाभरात हातानं लिहिलेल्या पट्ट्या मुनीमजींनी गेल्या आठवड्यात भरून घेतल्या होत्या, क्रम तुटला नाही. सकाळच्या लिलावात ३१ पट्ट्या निघाल्या. एकदा कागद अडकला, तो नेहमीच अडकतो.

तारीख सेकंदांत मोजून ४ बाइटमध्ये ठेवली आहे. ती १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेनं सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंत पुरेल. पुढच्या सेकंदाला १९०१ मध्ये जाईल. त्यावेळी लिलाव सुरू असेल. वहीत लाल शाईनं लिहिलं, मोठ्या मामांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "बारा वर्षं आहेत ना. तू आहेस."

कागदाचा नवा खोका सोमवारी आणायचा आहे.